मीटरवरचा उलटा बाण

गुरांच्या डॉक्टरणीचा फिरता दवाखाना तयार झाला, तेव्हा घरात लगीनघाईसारखी धांदल उडाली होती. दवाखाना म्हणजे एक जुना, दणकट ट्रेलर. आत स्टीलचं टेबल, हात धुवायला बेसिन, औषधांची कपाटं आणि लशी ठेवायला एक छोटा फ्रीज. फ्रीजला चोवीस तास वीज लागते, आणि डोंगरदऱ्यांतून हिंडताना वीज आणायची कुठून? त्यावर तिच्या नवऱ्यानं तोडगा काढला. तो घरापुढच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानं पुढच्या गाडीच्या इंजिनापासून मागच्या ट्रेलरपर्यंत जाड केबल ओढली, मध्ये चार्जर बसवला. गाडी धावेल तशा ट्रेलरच्या बॅटऱ्या भरत जातील.

आणि गंमत म्हणजे, डॅशबोर्डवर एक मीटर लावला.

"हे बघ," तो तिला दाखवत होता, "वरचा आकडा म्हणजे गाडी मागे किती करंट देतेय. खालचा म्हणजे ट्रेलर किती खातोय. मधला बाण मागे वळलेला दिसला की समजायचं, सगळं आलबेल. प्लग काढलास तर मीटर बंद. त्याचा जीव त्या केबलमध्ये आहे."

"आणि बॅटरी उतरली तर?"

"गाडी चालू आहे तोवर कशी उतरेल? उतरायला आत कुणीतरी राहायला हवं!" असं म्हणून तो स्वतःच हसला होता.

पहिलीच फेरी लांबची निघाली. पठारावरच्या एका वस्तीत मेंढ्या पटापट मरत होत्या. आज लस पोचली तर उरलेला कळप वाचणार होता. गाडी चालवायला सासरे तयारच होते. उभी हयात बस चालवण्यात गेलेली, निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. नवी टोपी काय घातली, आरशात काय पाहिलं, विचारू नका.

"सूनबाई, बसा पुढे. आज बघाच, पाण्याचा पेलासुद्धा हिंदकळणार नाही."

"बाबा, पाणी नको. लशी हिंदकळू देऊ नका म्हणजे झालं."

सकाळ स्वच्छ होती. डॉक्टरणीचं लक्ष रस्त्यापेक्षा मीटरवरच जास्त होतं. चढ आला की वरचा आकडा वाढे, उतारावर कमी होई. खालचा आकडा मात्र फ्रीजपुरता, इमानदार. दर थोड्या वेळानं ती "भरतेय बाबा, भरतेय!" म्हणून ओरडे आणि सासरे हॉर्न वाजवून दाद देत.

पठाराच्या पायथ्याला दुपारचं धुकं उतरलं. दुधात बोळा बुडवावा तशी गाडी त्यात शिरली. रस्त्याच्या कडेला बसचा एक जुना थांबा दिसला. पत्र्याचं छप्पर, मोडका बाक. इथली बस बंद होऊनही जमाना झाला असावा, बाकाखालून गवत वर आलं होतं. सासऱ्यांनी सवयीनं गाडी बरोबर थांब्यापुढे उभी केली. पाय मोकळे केले, थर्मासमधला चहा घेतला. मग ट्रेलरची हवा खेळती करायला त्याचं दार उघडलं, आणि अंगात काय आलं कोण जाणे, रिकाम्या बाकाकडे बघत कंडक्टरच्या थाटात हाळी दिली,

"चला, चला, चला! कुणी राहिलंय का? शेवटची गाडी आहे! बसून घ्या!"

डॉक्टरीण पोट धरून हसली. धुक्यात आवाज लांबवर गेला, पण परत आला नाही. सासऱ्यांनी दार लावलं, कडी घातली आणि गाडी पुढे निघाली.

दोन वळणं झाली असतील. मीटरवरचा खालचा आकडा वाढला.

फार नाही. एखादा दिवा लागावा तेवढाच.

"बाबा, तुम्ही आतला दिवा चालू ठेवलात?"

"दिवसाढवळ्या दिवा कशाला लावू?"

आकडा खाली आला. परत वर गेला. दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. नव्या घरात गेल्यावर माणूस बटणं दाबून बघतं ना, अगदी तसंच. डॉक्टरीण पुढे सरसावून बसली. भीती नव्हती वाटत तिला. उलट डोळे चमकत होते. कोड्याची तिला लहानपणापासून भारी हौस. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अरे, मागे काहीतरी लूज आहे. दिवा आपोआप लागतोय... थांब, आता आकडा खूपच वाढला. थोडा वेळ टिकला, मग एकदम खाली."

"किती वाढला?"

तिनं सांगितलं. 

"तो बेसिनचा पंप आहे," तो हळूच म्हणाला.

"मग तो लूज असेल."

"अगं, त्याचं बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की पंप बंद. लूज वायरनं असं होत नाही... आत कोण आहे?"

एवढ्यात रेंज गेली.

सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली. दोघं मागे गेली. कडी जशीच्या तशी होती. दार उघडलं. आत कुणी नाही. दिवा बंद, टेबल कोरडं. बेसिन मात्र ओलं होतं, आणि आत वास येत होता. पावसात भिजलेली घोंगडी बंद खोलीत दडपून ठेवली की येतो तसा, जड, आंबूस.

"मेंढ्यांचा असेल," सासरे म्हणाले.

"बाबा, या ट्रेलरमध्ये अजून एकही मेंढी चढलेली नाही."

त्यांनी टोपी सारखी केली. मग उसनं हसू आणून पुटपुटले, "कुणी का असेना, तिकीट नाही काढलं..." पण वाक्य संपेपर्यंत आवाज खोल गेला होता.

थांबून चालणार नव्हतं. घाट सुरू झाला, आणि तिथं मीटरनं खरा रंग दाखवला. इंजिन जीव तोडून चढत होतं, वरचा आकडा टोकाला भिडला होता, तरी मीटरच्या कडेची ट्रेलरच्या बॅटरीची पट्टी सरसर उतरत होती. देऊ तेवढं कमीच. आडात बादलीभर ओतावं आणि तळ आणखीच खोल जावा, तसं. मध्येच पंप. मध्येच दिवा. मध्येच असं काहीतरी, ज्याच्याएवढा करंट ओढणारी वस्तू त्या ट्रेलरमध्ये नव्हतीच.

"पितंय," सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "कुणीतरी बसून पितंय, सूनबाई."

"बॅटरी संपली तर फ्रीज बंद पडेल. लशी वाया जातील." तिचं डोकं झपाझप चालत होतं. "बर्फाचा डबा आहे आपल्याकडे. वस्तीपर्यंत बर्फ टिकेल. लशी इकडे घेते, आणि मग प्लगच उपटते. बघू काय पितंय ते!"

"मी जातो आत."

"तुम्ही स्टेअरिंग सोडू नका. आणि इंजिन बंद करू नका."

गाडी थांबताच ती धुक्यात उतरली. ट्रेलरची खिडकी पिवळी उजळली होती. पडदा कुणीतरी नीट बाजूला सारून ठेवला होता. तिनं कडी काढली. आतले सगळे दिवे लागले होते. वास इतका दाट, की चव लागावी. फ्रीजपर्यंत चार पावलंही नव्हती, पण ती चालता चालता संपेनात. तिनं लशींची खोकी छातीशी धरली, आणि मागे वळणार तोच पंप सुरू झाला.

तिनं पाहिलं.

बेसिनच्या वरचं बटण आत गेलेलं होतं. कुणीतरी बोट ठेवून दाबून धरावं तसं, घट्ट. नळाखाली पाणी सरळ खाली पडत नव्हतं. अधांतरी, ओंजळीत साचावं तसं साचत होतं आणि कडेनं ओघळत होतं. मग बटण सुटलं. साचलेलं पाणी हळूहळू कमी होत गेलं. खाली मात्र थेंबही पडला नाही.

"मी... मी फक्त लशी नेते," ती कुजबुजली. "मेंढ्यांसाठी आहेत..."

एक दिवा विझला. मग दुसरा. तिला दारापर्यंतची वाट दिसेल एवढा एकच दिवा राहिला. कुणीतरी बाजूला होऊन वाट द्यावी, तसं.

ती बाहेर कशी आली, कडी कधी लावली, खोकी बर्फाच्या डब्यात कधी ठेवली, प्लग कधी खसकन ओढला, तिचं तिलाच कळलं नाही. केबलचं टोक लोंबकळत राहिलं. आणि त्याच क्षणी गाडीच्या इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

सासऱ्यांनी किल्ली फिरवली. काहीच नाही. परत फिरवली. साधी टिकटिकसुद्धा नाही. डॅशबोर्ड काळा ठिक्कर. पुढच्या गाडीची बॅटरीही कुणीतरी चाटूनपुसून साफ केली होती.

घाटाच्या मधोमध, धुक्यात, मागे खोल उतार. ब्रेकवर सासऱ्यांचे दोन्ही पाय. बर्फ वितळत होता, वर वस्तीत मेंढ्या मरत होत्या, आणि फोनला रेंज नव्हती.

"आता?" सासरे म्हणाले.

डॉक्टरीण नंतर सगळ्यांना सांगायची, की त्या क्षणी भीती संपली आणि रागच आला. ती तरातरा मागे गेली आणि बंद दारावर हाताची थाप मारली. पण तोंडातून शब्द आले ते मात्र अगदी हळू.

"आम्हाला वर वस्तीवर जायचंय. तुम्हालाही कुठंतरी जायचं असणार, म्हणूनच बसलात ना गाडीत?... गाडी चालली तरच पोचाल. आमचं घेतलंत ते परत द्या. वर गेल्यावर उतरा. कुणी अडवणार नाही."

 ट्रेलर किंचित हलला. बसलेलं माणूस बूड हलवून नीट बसतं, तेवढाच.

"सूनबाई!" पुढून सासऱ्यांची आरोळी आली. "अहो, पळत या!"

ती धावत येऊन दारात ओणवी झाली. मीटर लागला होता. केबलचा प्लग मागे हवेत लोंबकळत होता, आणि तरी मीटर लखलखत होता. त्यावरचा बाण उलटा फिरला होता. मागून पुढे. ट्रेलरकडून गाडीकडे.

"मारा स्टार्टर!"

इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं. सासऱ्यांनी "क्या बात!" म्हणून मांडीवर थाप मारली, आणि मग आपण कुणाला दाद दिली हे ध्यानात येऊन त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या सगळ्या घाटात त्यांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. पण डॉक्टरणीच्या ओठांवर, स्वतःच्याही नकळत, हसू होतं. अंगावर काटा होता आणि हसू होतं.

वस्तीवर पोचली तेव्हा धुकं निवळून सूर्य मावळतीला टेकला होता. कळपातल्या सगळ्या मेंढ्या ओरडायच्या एकदम थांबल्या आणि ट्रेलरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी जाऊन दार सताड उघडलं आणि लांब सरकून उभे राहिले. नजर जमिनीवर. थोड्या वेळानं ट्रेलरची पायरी करकरली.

मग दम घ्यायला फुरसत कुठली! वस्तीतली माणसं मेंढ्या धरत होती, डॉक्टरीण सुया टोचत होती, सासरे खोकी उघडून देत होते. बर्फ शेवटच्या लशीपर्यंत पुरला. सकाळी एकही मेंढी मेली नव्हती. वस्तीचा मुखिया, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, तिचे हात हातात धरून नुसता मान हलवत राहिला. उतरताना मीटर अगदी शहाण्यासारखा वागला. ट्रेलरमध्ये वासही उरला नव्हता.

घरी तर काय, पुढचे कितीतरी दिवस तोच विषय. शेजारी जमायचे, सासरे आवाज काढून दाखवायचे, डॉक्टरीण ओंजळ करून दाखवायची. नवऱ्यानं चार्जर खोलला, केबल तपासली, सगळं ठाकठीक. "तुम्ही दोघं मिळून मला बनवताय," एवढंच म्हणून त्यानं विषय संपवला.

एका भर दुपारी मुखियाचा फोन आला. मेंढ्या धडधाकट आहेत, कोकरं उड्या मारताहेत, त्यानं भरभरून सांगितलं. डॉक्टरीण खुलली.

"आणि बाई, तुमचे फार उपकार," तो म्हणाला. "तुम्ही ती बाई मागे ठेवून गेलात ना, मेंढ्यांकडे बघायला. बोलत नव्हती, पण रात्रभर कळपात बसून असायची. मेंढ्या तिच्यापाशी कशा गप्प! फक्त एक झालं, ती ज्या घराशी टेकायची तिथला टॉर्च चालायचा नाही, फोन चालायचा नाही. आम्ही म्हटलं, असू दे."

डॉक्टरणीच्या हातातला फोन एकदम जड झाला.

"कोण बाई...?"

"अहो, तुमचीच की. आज पहाटे दुधाच्या गाडीत बसून निघाली. आम्ही विचारलं कुठे, तर तुमची गाडी गेली त्या रस्त्याकडे बोट केलं. दुधाची गाडी बिचारी घाटाखालीच बंद पडली म्हणे. तिथून ती दुसऱ्या कुठल्याशा गाडीत बसली. म्हटलं विचारावं... पोचली का?"

 घरापुढच्या शेडमध्ये कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं आणि नवऱ्याशी चाललेलं त्याचं बोलणं खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होतं.

"अहो, नवीकोरी बॅटरी आहे, काल टाकली," तो माणूस वैतागून सांगत होता. "तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ठणठणीत होती."