एका कान्याचा फरक

पार्सल उघडलं, तर माझ्या झुमक्यांच्या जागी त्यातून एक ॲल्युमिनियमचा पेला निघाला. उपडा धरला तरी पेलाच, आणि त्याला आडवं भोक. सोबत तेलकट कागदात गुंडाळलेली दोन काळपट कडी.

मामेबहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मी झुमक्यांच्या प्रतीक्षेत होते. दुपारी उज्जैनच्या फ्रीगंजमधलं माझं क्लिनिक रिकामंच असतं, जेवून झाल्यावर कोणाला दात दाखवावेसे वाटत नाहीत. मी त्या कड्यांतलं एक उचललं. एका जागी जराशी फट होती, दाबलं की लवचीक वाटायचं. आणि माप बघा, अगदी माझ्या बांगडीचं. आता समोर बांगडीच्या मापाची वस्तू असताना बाईने काय करायचं असतं? मी ती हातात घातली.

नेमका तेव्हाच दरवाजा उघडला.

"डॉक्टर अपूर्वा आपणच ना? कुरिअरवाल्या भैयाने माझं एक पार्सल इथे..." तो बोलता बोलता थांबला. उंच, कपाळावर केस, मनगटाला ग्रीसचा डाग. त्याची नजर माझ्या हातावर होती. "ते... हातात घातलंय ते माझं आहे."

मी घाईघाईने ते ओढायला गेले.

"ओढू नका हं. बिडाची रिंग आहे, त्या पेल्यासारख्या पिस्टनची. कट्कन तुटेल." तो जवळ आला, परवानगी विचारल्यासारखं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून, ती फट हलकेच फाकवून रिंग काढून घेतली. रोज माणसांच्या जबड्यात हात घालणारी मी, पण कोणी इतक्या जपून माझा हात धरल्याचं मला आठवेना.

त्याचं नाव अपूर्व मुंगी. घर नानाखेड्याला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. पार्सलवर नाव इंग्रजीत होतं, आडनावाच्या जागी कागद फाटलेला, आणि इंग्रजीत आमच्या दोघांचं स्पेलिंग एकच.

"मराठीत लिहिलं असतं तर ही गडबड झाली नसती," तो म्हणाला. "तुमच्या-माझ्यात एका कान्याचा तर फरक आहे."

"मग माझे झुमके?"

तो ओशाळला. "ते आमच्या आईने कानात घातलेत. मतलब, हिसाब बराबर."

झुमके आणायला मी रविवारी त्याच्या घरी गेले. सुलभाकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, ते कानातून काढून देताना असा सुस्कारा टाकला की मला आणखी एक जोड मागवावा लागणार हे मी तिथेच समजले. मग शेव आणि जिरावणाचा मसाला घातलेले पोहे आले, जिलबी आली, आणि काकू म्हणाल्या की जा, त्याचं येडेपण बघून ये, गॅरेजात बसलाय.

घरालगतच्या पत्र्याच्या गॅरेजात एक मोटरसायकल होती. होती म्हणजे, तिचे सगळे भाग होते, फक्त एकमेकांना लागून नव्हते. ती त्याच्या वडिलांची, मधुकरकाकांची राजदूत. काकांनी रेल्वेची नोकरी असेतो हिच्यावरून स्टेशन गाठलं, निवृत्त झाल्यावर ही ताडपत्रीखाली गेली. अपूर्व गाड्यांचं डिझाइन करायचा. इतके दिवस इंदूरला होता, आता पुण्याच्या एका कंपनीत लागला होता. मार्चअखेर रुजू व्हायचं होतं, आणि त्याने मनाशी पक्कं केलं होतं की पुण्याला जायचं ते या राजदूतवर बसूनच.

"जिस दिन ये चालू, उस दिन मैं निकला," तो हात पुसत म्हणाला.

मला काय त्याचं? मी तेव्हा मान डोलावली. मग वाकून त्याच्या हातातल्या कार्बोरेटरकडे पाहिलं. पितळेच्या एका चिमुकल्या तुकड्यात केसाएवढं छिद्र होतं आणि ते बुजलं होतं. तो ते सेफ्टी पिनेने टोकरत होता. मला राहवेना. दातांच्या मुळात शिरणाऱ्या, केसाहून बारीक सुया माझ्या क्लिनिकमध्ये डब्यांनी पडल्या होत्या. मी म्हटलं, अहो, असं टोकरलंत तर छिद्र मोठं होईल, द्या इकडे.

झालं. माझे रविवार गेले कामातून.

मी औजारं धुते त्या मशीनमध्ये कार्बोरेटर बुडवला, तो असा लख्ख निघाला की मधुकरकाका चष्मा लावून बघायला आले. जुन्या पिस्टनवरून उतरवलेल्या रिंगा फेकायच्या होत्या, त्यातली एक मी पॉलिशच्या ब्रशने चकचकीत करून हातात घातली. आता ती माझी, म्हटलं, हिच्यावर हक्क सांगू नका. पेशंट विचारायचे, मॅडम, ये कौन सा कड़ा है? मी त्यांना तोंड उघडायला सांगायचे.

टाकीचा रंग ठरेना, तेव्हा मी दातांच्या छटांची पट्टी आणली. कृत्रिम दात बसवताना शेजारच्या दाताला धरून रंग जुळवतो ती. एकेक नकली दात आम्ही टाकीला लावून बघत होतो. सुलभाकाकूंनी दारातून पाहिलं आणि परत गेल्या. शेवटी एक दुधाळ, किंचित पिवळसर छटा दोघांनाही आवडली. उज्जैनमध्ये दाताच्या रंगाची राजदूत दुसरी नसावी.

अहो-जाहो कधी गळून पडलं? ते मात्र सांगता येईल. जानेवारीत एक दिवस मावठा आला. पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. मी इंजिनाचा स्क्रू धरून होते आणि तो ओरडून सांगत होता, जरा उजवीकडे घ्या. मला ऐकू येईना. मग तो कानाशी आला आणि म्हणाला, "उजवीकडे घे ना गं." पाऊस थांबला तरी तो "गं" तसाच राहिला. ओल्या मातीचा, पेट्रोलचा आणि त्याच्या शर्टाच्या साबणाचा वास एकत्र यायचा, आणि मी स्क्रू मुद्दाम हळू फिरवायचे.

घरी आई विचारायची, रविवारी क्लिनिक बंद असताना हाताला काळं कशाचं? मी सांगायचे, एक अवघड केस आहे.

केस खरंच अवघड होती. मी घासलेला प्रत्येक भाग त्याला पुण्याच्या जवळ नेत होता, आणि तरी मला तो नीटच घासायचा होता. अर्धवट काम मला जमत नाही. फेब्रुवारीत इंजिन बसलं. चाकं चढली. मागचा लांब मडगार्ड त्याने कापून आखूड केला, हेडलाइट गोल, हँडल खाली. आणि मग त्याने कागदावर सीटचं चित्र काढून दाखवलं. छोटीशी, मागून उचललेली, एकाच माणसाची.

"मागे कोणी बसायचं नाही?" मी विचारलं.

"मागे सामान बांधीन. एकट्यालाच तर जायचंय."

मी म्हटलं, छान दिसेल. आणि दाताच्या रंगाच्या टाकीवर नसलेला डाग पुसत बसले. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या सीटचा राग आला. फोम आणि रेग्झिनचा मत्सर करणारी मी पहिलीच असेन.

आता एकच काम उरलं. टायमिंग. इंजिनात ठिणगी नेमकी कुठल्या क्षणी पडावी ते जुळवायचं. त्यासाठी पातळ कागद लागतो. पॉइंट म्हणून दोन बटणं असतात, ती मिटलेली असताना त्यात कागद अडकतो, उघडली की सुटतो. सुटला की ठिणगी. माझ्याकडे निळा कागद होता, दात बसवल्यावर पेशंटला चावायला देतो तो. त्याच्याहून पातळ काय असणार?

"मी चाक हळूहळू फिरवतो. तू कागद अलगद ओढत राहा. सुटला की लगेच बोल. लगेच हं."

आम्ही दोघं त्या गोल झाकणावर वाकलो. त्याचं कपाळ माझ्या कपाळापासून बोटभर दूर. खालचा ओठ दातात धरून तो एकाग्र झाला होता, आणि डाव्या भुवईवर ग्रीसची एक रेघ होती. ती पुसावी की नाही... मी रेघेकडे बघत राहिले. कागद माझ्या बोटांत केव्हाच मोकळा झाला होता.

"सुटला," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. डोळ्यांत पाहिलं. काहीतरी बोलणार होता तो, नक्की बोलणार होता. मग खाली वाकून त्याने स्क्रू आवळले.

मार्चचा शेवटचा रविवार. सीट अजून कुरिअरने यायची होती, म्हणून लोखंडी सांगाड्यावर पोत्याची घडी बांधली. मधुकरकाकांनी पेट्रोलमध्ये ऑइल स्वतःच्या हाताने ओतलं, सुलभाकाकूंनी टाकीला हळदीकुंकू लावलं. चालू व्हावी असं वाटत होतं आणि होऊ नये असंही.

अपूर्व फाटकाकडे तोंड करून गाडीवर बसला. मी त्याच्या मागे, गॅरेजच्या दारात. त्याने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, तर किकनेच त्याच्या पायाला उलटा झटका दिला, आणि त्याच क्षणी इंजिन भडभडलं. निळा धूर उसळला. डुगडुग, डुगडुग... पत्रा थरथरायला लागला. काका टाळ्या वाजवत होते. आपण केली ही, या हातांनी.

"टावर चौकापर्यंत जाऊन येतो," तो हसत ओरडला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

आणि गाडी मागे आली.

पुढे नाही, मागे. फाटकाकडे तोंड करून बसलेला अपूर्व पाठमोरा सरळ माझ्याकडे यायला लागला. त्याने गोंधळून आणखी थोडी रेस दिली, तशी ती आणखी जोरात मागे आली. मी हात पुढे केले, त्याची पाठ माझ्या तळव्यांवर टेकली, आणि त्याने क्लच दाबला.

काका खुर्चीत बसून हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. "अरे, उलटी सुरू झाली ती. इंजिन उलटं फिरून राहिलंय. टू-स्ट्रोकला काय, दोन्हीकडे सारखंच. ठिणगी वेळेच्या आधी पडली की असं होतं. टायमिंग कोणी लावलं?"

अपूर्वने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं.

"कागद आधीच सुटला होता, तू उशिरा बोललीस," तो हळूच म्हणाला.

"हो."

"का?"

काका अंगणात होते, काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत. असू देत, म्हटलं. एकदा उशीर केला तर गाडी उलटी गेली. आणखी उशीर केला तर हा सरळ पुण्याला जाईल.

"तुझ्या भुवईवर ग्रीस होतं," मी म्हणाले. "ते बघत होते. आणि आता उशीर करत नाही... मला तू आवडतोस, अपूर्व. ही गाडी सुरू होऊ नये असं वाटतंय मला. म्हणजे व्हावी, पण तू जाऊ नयेस."

माझे हात अजून त्याच्या पाठीवरच होते, आणि त्याचा श्वास मला कळत होता. भरभर चालला होता.

"मी त्या दिवशी बोलणार होतो," तो शेवटी म्हणाला. "मग वाटलं, हिने फक्त गाडीला जीव लावलाय. कोणी दाताच्या रंगाची टाकी करतं का, यार, माणूस आवडल्याशिवाय... हे माझ्या डोक्यातच नाही आलं." तो उतरला, माझ्यासमोर आला. "पुण्याला तर जावंच लागेल. पण मी ट्रेनने जातो. ही इथेच राहू दे, तुझ्याजवळ. मग मला हिच्यासाठी यावं लागेल. पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"हिच्यासाठी?"

"तुझ्यासाठी गं. डॉक्टर आहेस ना, इतकं समजत नाही?"

मी हसत हसत अंगठ्याने ती भुवई पुसली. आज तिथे काहीच नव्हतं. खिडकीतून काकूंनी विचारलं की पोहे दोघांचे एकाच बशीत देऊ का, आणि आम्ही चटकन लांब झालो.

मग आम्ही टायमिंग पुन्हा लावलं. या वेळी मी कागदाकडे बघत होते, म्हणजे बरंचसं. संध्याकाळी राजदूत पुढे गेली, टावर चौकापर्यंत जाऊन आली. चालवत तो होता. मी सायकलच्या कॅरिअरवर बसावं तशी मागच्या सांगाड्यावर, पोत्याची उरलेली घडी घेऊन, दोन्ही हातांनी त्याला धरून. हाडं खिळखिळी झाली आणि मला उतरावंसं वाटेना.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकचा दरवाजा उघडला. तोच कुरिअरवाला भैया, हातात लांबलचक खोकं. माझ्या मनात आलं, एका माणसाच्या सीटला एवढं मोठं खोकं कशाला? मी तिथेच कात्री घेतली आणि फाडलं.

आत तपकिरी रेग्झिनची सीट होती. लांब. मधे एक शिवण, पुढे एकाची जागा, मागे एकाची. मी तसंच उभ्या उभ्या त्याला फोन लावला आणि विचारलं, हे कधी बदललंस? तो म्हणाला, तू त्या चित्राला छान म्हणालीस ना, तुझा चेहरा बघून, त्याच रात्री.

"मागे बसणार ना?" त्याने विचारलं.

"आलटून पालटून," मी सांगितलं. "पुण्यापर्यंतचा अर्धा रस्ता मी चालवणार."

भैया अजून दारातच घुटमळत होता. मागच्या वेळच्या घोटाळ्याने धसकला असावा. खोक्यावरचं नाव त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि काळजीने विचारलं, "मैडम, इस बार पक्का बता दो. ये अपूर्व भिया का है कि आपका?"

मी सीटवरून हात फिरवला. मनगटातली रिंग शिवणीवर अडखळली.

"दोनों का है, भैया," मी म्हटलं. "अब से सब यहीं दे देना."