चौथा काठ

गोधडीला चौघी लागतात. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरायची, चार बाजूंना चौघींनी बसायचं आणि धावदोरा घालत कडेकडून मधे सरकत यायचं, ओळीमागून ओळ. चौघींची बोटं मधे भेटली की गोधडी झाली. प्रमोदिनीनं हे लहानपणी पाहिलेलं होतं, पण बी. ए. झाल्यापासून तिच्या हातात सुई आली असेल ती बटणं लावण्यापुरती.

साल एकसष्ट. हिवाळ्याचे दिवस. अमरावतीच्या महिला मंडळाच्या रमाताई आदल्या वर्षी अलिबागेला समुद्रकाठच्या एका शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिथं चिंध्यांतून चित्रं काढायला शिकवत, म्हणजे गोधडी हाच कागद आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे हाच रंग. तेव्हापासून रमाताईंना चैन नव्हतं. लाटा ऐकत सुई चालवायची म्हणजे काय असतं ते सांगून कळायचं नाही, असं त्या ज्याला त्याला सांगत. वऱ्हाडात समुद्र आणायचा कुठून? मग अमरावतीजवळचा वडाळीचा तलाव. तलावाकाठी एका कापसाच्या व्यापाऱ्याचा बंगला होता, एरवी बंद असलेला. तो त्यांनी झाडून घेतला, दिवाणखान्यात सतरंजी घातली आणि शिबिर भरवलं.

प्रमोदिनीला यायचंच नव्हतं. तिची तीन वर्षांची अनुपमा, अनू, झोपेत चालायची. डोळे सताड उघडे, पण त्यांत कोणी नाही. पावसाळ्यात एका दुपारी अशीच उठून, दार ढकलून गेली, ती अकोला स्टेशनच्या रस्त्यावर टांग्याखाली येता येता राहिली. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की जाईल. मोठी होईपर्यंत काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून प्रमोदिनी अनूच्या झग्याला आपल्या पदराची गाठ मारून नुसती पडून राहायची. जरा डोळा लागला की गाठ ओढली गेल्यासारखं वाटायचं. गालफडं बसली, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. शेवटी तिच्या नवऱ्यानं, हरिहर वकिलानं, तिचं नाव परस्पर शिबिरात घालून टाकलं.

"चार बाया असतील. एकटीचे दोन डोळे, तिथं आठ," तो म्हणाला.

"आणि दारात तलाव," ती म्हणाली.

आल्या आल्या तिनं तलावाकडच्या दाराची वरची कडी हलवून पाहिली आणि मग त्या दाराकडे तोंड करून बसता येईल अशी बाजू पकडली.

रमाताईंनी चित्र आखून ठेवलं होतं. मधे पाणी, निळ्या लुगड्याचं. भोवती चार काठ. ज्या बाजूला जी बसेल तिनं त्या काठावर आपलं गाव शिवायचं. प्रमोदिनीकडे अकोल्याचा किल्ला. समोर गोदाबाई, चांदूर बाजारच्या, घरची शेती, आवाज बाजारातला. त्यांनी बैलबाजार घेतला. डावीकडे इंदूबाई, अमरावतीतच शाळेवर शिक्षिका. पाच वर्षांमागं घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यांनी काठावर एक पिंपळ शिवायला घेतला होता आणि त्याची पानं एकसारखी येत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा उसवत होत्या. उजवी बाजू मोर्शीच्या एका बाईची, संत्र्यांच्या बागा शिवायला. तिची सून बाळंतपणाला अडली, ती आलीच नाही. रमाताईंनी तिचा पाट मात्र मांडून ठेवला होता, आणि पाटासमोर ओवलेली सुई कापडात टोचून ठेवली होती.

"थो पाट उचला बाई," गोदाबाई म्हणाल्या. "येनार नाई तिचा मांडून काहून ठेवता? मांडल्या पाटावर कोनी ना कोनी बसतेच."

"बसू द्या की. तेवढंच काम उरकेल," रमाताई हसल्या.

"कोणी फुकट शिवून देत असेल तर मी शाळेतल्या पोरांच्या फाटक्या चड्ड्या आणून टाकते," इंदूबाई म्हणाल्या.

पाट तिथंच राहिला.

पहिला दिवस हात बसण्यात गेला. तिन्ही काठांवर ओळी चढल्या, चौथा कोरा राहिला, मातकट धोतराचा. सूर्य कलला तशी रमाताईंनी दिवाणखान्याला कुलूप घातलं, कारण तलावावर येणारी-जाणारी माणसं फार. सकाळी उघडलं तर चौथ्या काठावर इतर तिघींइतक्याच ओळी होत्या.

जिला तिला वाटलं, दुसरीनं घातल्या. गोदाबाईंनी रमाताईंकडे पाहिलं, रमाताईंनी प्रमोदिनीकडे. इंदूबाईंनी चष्मा लावला आणि काठावर ओणव्या झाल्या.

"टाका बारीक आहे. आणि उलटा कलतो," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताचा. आपल्यात डावखुरी कोण आहे?"

कोणीच नव्हतं.

"तुमचा भास असेल," रमाताई म्हणाल्या.

"मी अक्षरावरून पोरगं ओळखते, रमाताई. हा हात आपल्यातला नाही."

प्रमोदिनीनं मनाशी हिशेब लावला: कुलपाची दुसरी किल्ली असेल, व्यापाऱ्याच्या घरची कोणी बाई हौसेनं येऊन गेली असेल. हे उत्तर तिला पटलं नाही, पण टाकूनही देववेना.

त्या दिवशी उजेड उजव्या बाजूला चांगला म्हणून गोदाबाई आपली सुई घेऊन तिकडे गेल्या. पाटावर टेकल्या आणि लगेच उठल्या.

"काय झालं?"

"काई नाई." त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या, सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा दोनदा चुकला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाट ऊन-ऊन लागून राह्यला. कोनी आत्ताच उठल्यावानी."

बाहेर थंडी होती. त्या बाजूला ऊन येत नव्हतं.

अनू गोधडीवरून रांगत, लोळत असायची, आणि चिंध्या हे तिचं राज्य होतं. दुपारच्या संत्र्यातल्या दोन फोडी ती आपण होऊन चौथ्या पाटासमोर ठेवून आली. थोड्या वेळानं प्रमोदिनीनं पाहिलं तर फोडी नव्हत्या. बिया होत्या, धुऊन पुसल्यासारख्या, एका ओळीत मांडलेल्या. खार, प्रमोदिनी मनात म्हणाली. खारी येतात तळ्याकाठी. पण हातातला दोरा तिनं ओढला तो तुटेपर्यंत ओढला.

अनू त्या बाजूला तोंड करून काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली होती. मधेच मान हलवून "हो" म्हणाली.

"कोणाशी बोलतेस गं?"

"तुझ्याशी नाही," अनू म्हणाली.

प्रमोदिनी उठून रमाताईंकडे गेली. "मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. अनूला बरं नाही वाटत."

रमाताईंनी अनूच्या गुबगुबीत गालांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी चुकली. वडाळीहून टांगाच मिळेना. मग संध्याकाळच्या गाडीनं जायचं ठरलं. जेवणं झाली. रमाताई दोऱ्याची रिळं आणायला गावात राजापेठेत गेल्या. गोदाबाई आणि इंदूबाई मागच्या अंगाला लुगडी धूत होत्या. कापड आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता. प्रमोदिनी भिंतीला टेकून बसली. अनू मांडीवर झोपलेली. तिच्या झग्याला पदराची गाठ मारलेली होती, दुहेरी. खिडकीतून तलाव दिसत होता, पाण्यावर उन्हाची सळसळ.

कापड आपटलं जात होतं. आपटलं जात होतं.

जाग आली ती आवाज थांबल्यामुळे.

मांडी रिकामी होती. पदर मांडीवर सरळ घडी घालून ठेवलेला होता. गाठ फाटली नव्हती, ओढली गेली नव्हती. सोडलेली होती.

तिची नजर आधी तलावाकडच्या दाराकडेच गेली. ते उघडं होतं. गोदाबाईंनी लुगडी वाळत घालायला उघडलं असणार. ओसरीपुढे तलावापर्यंत बारीक धूळ होती, आणि धुळीत लहान पावलं. सरळ, एका रेषेत, कुठंही न थबकलेली. जागं मूल असं चालत नाही. पावलं पायऱ्यांवरून उतरली होती. शेवटच्या पायरीवर शेवाळ, आणि शेवाळात टाचेचा ओरखडा.

वर येणारं एकही पाऊल नव्हतं.

प्रमोदिनी पाण्यात उतरली. गुडघाभर. कमरेएवढी. हातांनी चाचपत राहिली. हाताला गाळ लागत होता, शेवाळ लागत होतं.

"प्रमोदिनीबाई."

ओसरीवर इंदूबाई उभ्या होत्या. चेहरा पांढरा. "इकडे या. अनू आत आहे."

अनू गोधडीवर झोपली होती. अगदी मधोमध, निळ्या लुगड्याच्या पाण्यावर. झगा कमरेपर्यंत ओला, पायाला शेवाळ. छाती वर-खाली होत होती. ओसरी कोरडी होती, दिवाणखान्याची फरशी कोरडी होती. तिला आत आणणाऱ्याच्या अंगावरून पाण्याचा थेंब गळला नव्हता.

प्रमोदिनीनं तिला उचलायला हात घातले. अनू उचलली गेली नाही.

झगा गोधडीला शिवलेला होता. काठाकाठानं, सगळ्या बाजूंनी, बारीक, उलट्या कलाचे टाके.

आणि अनूच्या ओठांत दोऱ्याचा तुकडा होता.

गोदाबाई दारातच खाली बसल्या.

"अंगावरचं कापड शिवत नाईत," त्या म्हणाल्या. "शिवतेत थे मेल्या माणसाचं. जित्या माणसाचं शिवा लागलंच, तं त्याच्या तोंडात दोरा देतेत. म्हंजे मरनाले कळते, हे आपलं नाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माह्या सासूनं सांगतलं होतं मले. ज्यानं शिवलं त्याले भी कोनी सांगतलंच असंन."

इंदूबाईंनी कात्री आणून प्रमोदिनीच्या हातात दिली. टाके एकेक करून तिनं स्वतःच कापले. दुसऱ्या कोणाला कापू दिले नाहीत. अनू जागी झाली, तोंडातला दोरा काढून तिनं नीट पाहिला.

"पाणी गार होतं," ती म्हणाली. "ती म्हणाली, आता हलायचं नाही."

"कोण म्हणाली, बाळ?"

अनूला भूक लागली होती.

प्रमोदिनी तिला छातीशी धरून तशीच ओल्या लुगड्यानिशी बसली. मग रडली, आवाज न करता, खूप वेळ. महिन्यांचं साचलेलं काहीतरी पाझरत जावं तसं. इंदूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडणं थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटत नाही. तिनं ती शोधली, दुखरा दात जिभेनं शोधावा तशी. भीती जागेवर नव्हती.

संध्याकाळी टांगा आला. तिनं परत पाठवला.

"जायचं होतं ना तुले?" गोदाबाई म्हणाल्या.

"गोधडी व्हायची आहे अजून."

"अस्सं," गोदाबाई म्हणाल्या, आणि चौथा पाट तिरका झाला होता तो त्यांनीच सरळ केला. त्यावर पुन्हा कोणी बसायला गेलं नाही. रमाताईंनी कुलूप घालणं सोडून दिलं. ओळी रोज मधे सरकत राहिल्या, चारही बाजूंनी, एका गतीनं, आणि अनू दुपारी निळ्या पाण्यावर झोपत राहिली. पहिल्यांदा प्रमोदिनी तिच्याकडे पाठ करून झोपली तेव्हा उठल्यावर तिला कळेना की आपण कुठं आहोत, इतकी गाढ.

गोधडी मंडळाच्या प्रदर्शनात जायची होती. शेवटच्या दिवशी रमाताईंनी तिची घडी घातली आणि कोणालाही न विचारता ती प्रमोदिनीच्या वळकटीत बांधली. मोर्शीच्या काठावर संत्री नव्हतीच. नुसते टाके होते, इतके दाट की खालचं धोतर दिसत नव्हतं.

अकोल्याला आल्यापासून अनू त्याच गोधडीवर झोपते. उठून चालत नाही. हरिहर म्हणतो, हवापालट मानवला. प्रमोदिनीचेही गाल भरले, भाजीतलं मीठ नेमकं पडू लागलं. सासरच्या बाया विचारतात कोणतं औषध घेतलंस, तेव्हा ती हसते. दुपारी अनूच्या झग्याच्या काठाला कधी थोडेच टाके असतात, कधी पुष्कळ. ती उठायच्या आत प्रमोदिनी ते उसवून टाकते, दुसरी एखादी आई लेकीच्या केसांतला गुंता सोडवील तशी, आणि ओठांतला दोरा काढून घेते. हरिहरला तिनं यातलं काही सांगितलेलं नाही. तो वकील आहे. तो विचारील, मोबदल्यात काय ठरलंय.

परवा दुपारी अनूला थोपटता थोपटता तिला दूध उतू जाण्याचा वास आला. ती उठली. दार ओढून घेतलं नाही, कडी पाहिली नाही, मागं वळूनही पाहिलं नाही. उंबऱ्यातून जाता जाता नुसतं म्हणाली, "आलेच हं."

अनू गाढ झोपली होती. तिला ते ऐकू जायचं नव्हतं.

प्रमोदिनीनं स्टोव्ह बारीक केला. आतल्या खोलीतून, कोणी दातानं दोरा तोडावा, तसा बारीक आवाज आला.

तिनं दुधावर झाकण ठेवलं, आणि सावकाश, आपल्यापुरता चहा टाकला.