न पुसलेले पाय

अक्कलकोट रोडवर रुद्राणीच्या सायकलीवरचं पोतं उसवलं आणि लाल, हिरवी, निळी सुताची टोकं वाऱ्यावर निघाली... थेट समोरून येणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यावर.

त्यानं आपली सायकल थांबवली. केसांतलं सूत काढून तळहातावर धरलं.

"हे तर आमच्याच कारखान्यातलं! आमी फेकतो आन् तुमी चोरता व्हय?"

"फेकलेलं उचललं तर चोरी होते? मालकांना विचारून आणते मी."

"करता काय ह्याचं?"

"पायपुसणी." तिनं हनुवटी वर केली. "बी.एस्सी. झालेय मी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अख्ख्या चाटी गल्लीचं हसून झालंय."

तो हसला नाही. रस्त्याकडेला उकिडवा बसून एकेक धागा वेचू लागला.

त्याचं नाव शिवयोगी. मागावरचं सूत विणून संपलं, की जुन्या टोकांना नव्या सुताची हजारो टोकं बोटांनी जोडायची, ही सांधणी त्याचं काम. त्यात हातहातभर तुकडे कापून फेकले जात. अशी पोतीच्या पोती रोज उकिरड्यावर जाताना रुद्राणीला बघवत नव्हतं. आणि तिच्या अप्पांना, चनमल्लप्पांना, चाटी गल्लीतल्या आपल्या चादरींच्या दुकानात बसून लोकांचं हसणं ऐकवत नव्हतं.

"गड्ड्यापर्यंत बघ," त्यांनी बजावलं होतं. "सिद्धेश्वराच्या जत्रेत तुझी पायपुसणी खपली तर ठीक. नाही तर मंद्रूपच्या स्थळाला होकार कळवतो. आणि त्यांना असलं काही चालायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून शिवयोगीच पोती आणून टाकू लागला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रुद्राणी आणि मदतीला येणारी शेजारची दगडाबाई एका जुन्या हातमागावर विणत. पण तुकडे जोडलेल्या गाठी टोचायच्या.

"गाठ चपटी पायजे," शिवयोगी म्हणाला. "बोट द्या इकडं."

"बोट कशाला? सूत घ्या की."

"सुताला येतंय. बोटालाच शिकवायचंय."

दगडाबाईला खोकला आला... जरा जास्तच आला.

रुद्राणीनं बोट दिलं. गाठ चौथ्या खेपेला जमली, तरी सातव्या खेपेपर्यंत कुणीच तसं म्हणालं नाही.

चपट्या गाठींचं पहिलं पायपुसणं तयार झालं त्या संध्याकाळी अवकाळी सरी पडून गेल्या होत्या. कडेला निळी पट्टी, मधे डाळिंबी चौकटी. रुद्राणीनं ते उंबऱ्याशी अंथरलं आणि वाट बघत उभी राहिली. शिवयोगी आला. पाय चिखलानं माखलेले.

"पुसा बघू पाय!"

त्यानं पायपुसण्याकडे पाहिलं. मग वाकून ते अलगद बाजूला सारलं आणि शेजारच्या फाटक्या पोत्याला पाय पुसले.

रुद्राणीनं पायपुसणं झटक्यात उचलून घेतलं. "माझं पायपुसणं तुमच्या चिखलाच्याही लायकीचं नाही का?"

"तसं नव्हं... आवो, ते—"

"पोती ठेवा आणि निघा."

तो गेला. पोती मात्र येत राहिली. पहाटे कुणीतरी दाराशी ठेवून जाई. आत पाहावं तर रंगारंगाच्या वेगळ्या जुड्या, प्रत्येक जुडीला चपटी गाठ. ती गाठ सोडताना रुद्राणीची बोटं रेंगाळत. बोलावणं धाडायचं तिच्या ओठांवर येई... आणि ती ते गिळून टाकी.

जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली. रुद्राणीनं एक कोपरा धरला. पाटीवर लिहिलं, 'पायपुसणी'. दोन दिवस लोक थांबत, हात फिरवत आणि म्हणत, "पाय पुसायला पोतं हाय की घरात!" दोन दिवसांत दोन नग गेले. मंद्रूपचं घर आता तिला डोळ्यांपुढं दिसू लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं, काशम्मानं, एक नग उचलून छातीशी धरला.

"पोरी, आसन केवढ्याला?"

"आजी, पायपुसणं आहे ते."

"येडी का काय तू! बोटानं एवढ्या गाठी मारल्यास, आन् ह्याच्यावर पाय द्यायचा? मी ह्याच्यावर बसून पूजा करणार." आणि ती मागं वळून ओरडली, "शरणम्मा, ये ग हितं! आसनं बघ!"

रुद्राणीच्या डोळ्यांपुढं चिखलाचे दोन पाय होते आणि ते फाटकं पोतं.

मान वर केली, तर समोरच्या पाळण्यापाशी तो उभा होता. तिन्ही दिवस उभा असावा.

"सुतावर पोट हाय माझं," जवळ येऊन तो हळूच म्हणाला. "सुताला चुकून पाय लागला तरी आमी पाया पडतो. आन् ते तर... तुमी विणलेलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"बोलू कुटं दिलं तुमी!"

तिनं पाटी उलटी केली आणि खडूनं लिहिलं, 'आसनं'. त्याच दिवशी दिवेलागणीपर्यंत एकही उरलं नाही.

म्हणजे एक उरलं होतं. सोमवारी सकाळी अप्पा त्यावर पूजेला बसलेले दिसले. कधी उचलून आणलं होतं कोण जाणे! पूजा आटोपल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंद्रूपला नाही म्हणून कळवलं. आणि त्या सांधणीवाल्याला घरी बोलाव. बघू तरी."

शिवयोगी आला तेव्हा उंबऱ्याबाहेर तेच फाटकं पोतं धुऊन अंथरलेलं होतं. त्यानं पोत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाय निगुतीनं पुसले. आत अप्पांसमोर नवं आसन मांडलेलं होतं, निळ्या पट्टीचं, डाळिंबी चौकटींचं. पहिलंवहिलं.

"बसा," रुद्राणी म्हणाली. "हे विकायला काढलंच नव्हतं."

तो बसला. घसा खाकरला. "मालक, मी... म्हंजे मला..."

"अप्पा, मला हे पसंत आहेत," रुद्राणी म्हणाली. "आणि शेड माझीच राहणार. आता तिथं चार माग येणार आहेत."

शिवयोगीनं कपाळाला हात लावला. "बघा की! आताबी बोलू दिलं न्हाय."

"सवय करून घे, बाबा," अप्पा म्हणाले. "मला बावीस वर्षं झाली."

आणि हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की हसून घेतलेल्या शेजारच्या चार घरांत तरी ऐकू जावं.