पांढऱ्या ठोकळ्याचा नेम

"बाबा प्यायले नव्हते हो!" इशबेल गेडिस दारातूनच ओरडली. "दुपारी सभा आहे. बचाव नौकेचं सुकाणू काढून घेणार त्यांच्याकडून. ते गेलं तर बाबा खचतील!"

मोराग टुलकने कोट उचलला. खाजगी तपास हा तिचा धंदा. दीर वॉटी मागे असायचा, मुख्यतः धापा टाकायला.

पोर्टनेव्हिनच्या वाळूत रणगाडे अडवायला युद्धात ओतलेले काँक्रीटचे ठोकळे अजून रांगेने उभे आहेत. त्यातला एकच ठोकळा कोळी चुन्याने रंगवतात. तो आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरला, की होडी खडकांतून सुखरूप आत येते. आज पहाटेच्या धूसर उजेडात इशबेलचे वडील हेक्टर गेडिस तसेच आले आणि खडकावर आदळले.

वॉटी पांढऱ्याच्या शेजारच्या ठोकळ्यावर टेकला आणि दचकून उठला. "ओला आहे हा! पण बाकीच्यांवर शेवाळ किती, हाच तेवढा स्वच्छ."

"पँट सांभाळा, भावजी," मोराग म्हणाली. पण तिचे डोळे चमकले.

क्रम नावाचा गावकरी किनाऱ्यावरच्या आपल्या घराला चुना देत होता. ठोकळे उखडा म्हणून गावाशी कायम भांडणारा माणूस.

"हा कोपरा राहिला की," वॉटीने दाखवलं.

"राहिला नाही, ओला आहे. चुना वाळल्याशिवाय पांढरा दिसतो का? काही तास जातात! आणि काल संध्याकाळी माझी एक बादली कुणी लांबवली, ते शोधा आधी."

हेक्टरचा मेहुणा ग्रेगर एक जुनं तपकिरी शीड झटकत होता. शिडातून पांढरी भुकटी उडाली.

"मी दाजींच्या थोडाच पुढे होतो," तो म्हणाला. "त्याच पांढऱ्या ठोकळ्यावर नेम धरून आरामात आत आलो. मागून ते धडकले. बाटली, दुसरं काय!"

"आता सुकाणू कुणाकडे?" मोरागने विचारलं.

"गाव म्हणेल तर... माझ्याकडे."

सभेत मोराग थेट उभी राहिली. "काल संध्याकाळी कुणीतरी खऱ्या ठोकळ्यावर शीड टाकलं आणि शेजारचा रंगवला. पहाटे गाव हेक्टरकडे धावलं, तेवढ्यात शीड काढलं, चुना घासून धुतला. चुन्याबरोबर शेवाळही गेलं. ग्रेगर, तुमच्या शिडात चुना आहे."

"असेल! क्रमने मुद्दाम टाकला असेल!"

"पण चुना वाळून पांढरा व्हायला काही तास लागतात; तुमच्या आणि हेक्टरच्या येण्यामधल्या थोड्या वेळात ते शक्य नाही. म्हणजे तुम्ही परतलात तेव्हा खोटा ठोकळाच पांढरा दिसत होता. त्यावर नेम धरला असतात, तर हेक्टरच्या आधी तुमची होडी फुटली असती! तुम्ही वाचलात, कारण तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं."

एकच गलका झाला. हेक्टर उठला. आता हा मारतो, असं सगळ्यांना वाटलं.

"ग्रेगर," तो म्हणाला, "माझ्या मागून आणखी एक होडी येत होती. मी खडकावरून कंदील हलवत ओरडलो, म्हणून ती थांबली. तुझा मुलगा रॉरी होता तीत."

"तो घरी असेल असं वाटलं मला," ग्रेगर पुटपुटला.

सुकाणू हेक्टरकडेच राहिलं. मतासाठी पहिला हात रॉरीने वर केला.