त्याला ती कादंबरी आवडली

हे खरं घडलंय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच त्याची टिंगल केली असती, आणि ती छापूनही आणली असती. तो माझा धंदाच आहे. मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो.

रात्र नव्हती. ज्यांना रात्रच हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. रविवारची टळटळीत दुपार होती. जागा, आमच्या घरातली बाहेरची खोली. टेबलावर ती कादंबरी.

विटेएवढी जाड. मुखपृष्ठावर कावळा, कवटी आणि मेणबत्ती. एकाने भागलं नसावं.

आत एक जुनाट विद्यापीठ आहे. तिथे बारा महिने धुकं. विद्यार्थी काळे ओव्हरकोट घालून दगडी जिन्यांवरून वर-खाली करतात आणि मेलेल्या भाषेत एकमेकांवर प्रेम करतात. हजेरी नाही, परीक्षा नाही. विजेचं बिलही थकलं असावं, कारण अख्खं ग्रंथालय मेणबत्त्यांवर चालतं. तिथे एक प्राध्यापक मरतो आणि मेल्यावरही शिकवत राहतो. जिवंतपणी वर्गावर न जाणारे मी भरपूर पाहिलेत. त्यामुळे एवढी एकच गोष्ट मला अद्भुत वाटली.

परीक्षण मी मन लावून लिहिलं. आज कुणाला सोललंय हे बघायलाच लोक माझं सदर उघडतात. आजवर मी एकाही पुस्तकाचं कौतुक केलेलं नाही. माझं नाव आहे ते त्याच्यावरच.

आता आमची पद्धत सांगतो, कारण घोळ तिथेच झाला.

माझी थोरली बहीण, ताई, छापखान्यात मुद्रितं तपासायची. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच राहते. मी परीक्षण लिहिलं की बाहेर बसून मोठ्याने वाचतो. ती आतल्या तिच्या खोलीत बसून ऐकते. वाक्य लंगडं असलं की पेन्सिल टेबलावर आपटते. टक्. मी ते खोडतो. चर्चा नाही. चर्चा केली की आमचं भांडण होतं.

त्या दुपारी मी वाचायला लागलो.

"लेखिकेला कुणीतरी शब्दकोश भेट दिलेला दिसतो, पण तो कसा वापरायचा हे सांगायचं राहिलं."

...टक्.

ठीक आहे. जरा स्वस्त होतं. खोडलं.

"प्राध्यापकाचं भूत वाचकापेक्षा जास्त हालचाल करतं, कारण वाचक तोवर झोपलेला असतो."

...टक्.

हे मला आवडलं होतं. तरी खोडलं.

पुढचं वाक्य. टक्. त्याच्या पुढचं. टक्.

शेवटी कागदावर पुस्तकाचं नाव आणि किंमत उरली.

"ताई, आज पोट बिघडलंय का तुझं?"

आतून हूं की चूं नाही.

तेवढ्यात... बाहेरच्या दाराला किल्ली लागली.

ताई आत आली. हातात चष्म्याचं नवं घर.

"तासभर बसवून ठेवलं त्या चष्मेवाल्याने," ती म्हणाली. "असा काय बघतोस? सांगून गेले होते मी. तू मान हलवलीस."

वाचत असलो की मी कशालाही मान हलवतो.

आम्ही तिच्या खोलीत गेलो. कुणी नाही. खिडकी बंद. टेबल रिकामं.

पेन्सिल... ताईच्या पर्समध्ये होती.

ताई घाबरण्याआधी तपासून घेते. तिने मला बाहेर बसवलं, स्वतः शेजारी बसली. "वाच परत."

मी खोडलेलं पहिलं वाक्य परत वाचलं.

...टक्.

ताईने क्षणभर विचार केला. "वाक्य वाईटच आहे," ती म्हणाली.

मग तिने कादंबरी ओढून घेतली. "आता हे वाचते. बघू, याला कुठे खटकतं." आणि मुद्दाम मी खूण केलेलं पान काढलं. "चंद्र तिच्या अपराधासारखा पांढरा होता, आणि तिचा अपराध चंद्रासारखा एकटा."

मी कान टवकारले. भुताला काहीतरी अभिरुची असेलच.

शांतता.

पुढचं पान. उपमा एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तरी शांतता.

"अरे, त्याला हे आवडतंय," ताई हळूच म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटलं.

...टक्.

टक् टक्.

टक् टक् टक् टक्...

तिने घाईघाईने पुस्तक उघडलं. आवाज थांबला.

ती कादंबरी आम्ही पूर्ण वाचली. आळीपाळीने, मोठ्याने. माझ्या शत्रूंवरही अशी वेळ येऊ नये, आणि माझे शत्रू म्हणजे बहुतेक सगळे लेखक आहेत.

शेवटच्या पानावर प्राध्यापक ग्रंथालयाच्या दाराला हात लावतो. बस्स. खाली छापलंय, 'पहिला खंड समाप्त'.

बराच वेळ काहीच नाही.

मग आतून... खुर्ची मागे सरकली. कुणीतरी दारापर्यंत आलं.

थांबलं.

तेव्हापासून ताई बाहेर दिवाणावर झोपू लागली. तिची पाठ धरली. आत रोज टकटक. आम्ही दुसरी पुस्तकं वाचून पाहिली. एका नामवंत कवीचा संग्रह काढला, तर खालचे शेजारी वर येऊन विचारून गेले, सुतारकाम चाललंय का.

प्रकाशकाला फोन केला. "दुसरा खंड कधी काढताय?"

"तुम्ही विचारताय?" तो हसला. "पहिला खपला तर काढू, साहेब. नाहीतर लेखिका कुठेतरी नोकरी धरते म्हणतेय. तुमच्या परीक्षणावरच अडलंय सगळं. तुम्ही झोडलंत की संपलं."

ताई फोनला कान लावून उभी होती.

"माझी खोली," ती म्हणाली. एवढंच.

मी परीक्षण नव्याने लिहिलं. 'धुक्याने भारलेली, विलक्षण ताकदीची कादंबरी.' एका ठिकाणी चंद्रही घातला. मोठ्याने वाचून दाखवलं.

आतून ओळ न् ओळ मंजूर.

ते छापून आलं. संपादकांनी फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केली. पुस्तक खपू लागलं.

मग एका संध्याकाळपासून... टकटक बंद.

परवा लेखिकेचा आभाराचा फोन आला. दुसरा खंड झपाट्याने चाललाय म्हणाली.

"मी एकटीच राहते," ती म्हणाली. "पण हल्ली लिहिताना शेजारच्या खोलीतून... जाऊ दे. हसाल तुम्ही."

मी हसलो नाही. "कसल्या वाक्यावर येतो आवाज?"

"साध्या. सरळ लिहिलेल्या," ती म्हणाली. "मी लगेच खोडते."

मी तिला काही सांगितलं नाही. ताई कालपासून परत आपल्या खोलीत झोपतेय. दार उघडं ठेवून.