पूर्वेच्या स्टँडमधली छत्री

सरका, सगळे जवळ येऊन बसा. आणि ते मोबाईल पालथे ठेवा, नाहीतर मी चाललो झोपायला.

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या साडूंची आहे, म्हणजे तुमच्या काकूच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. इतका सरळ माणूस, की नकोशा पाहुण्याला "घरी नाहीये" म्हणायलाही जीभ रेटायची नाही. ते हे गावभर सांगत सुटले नाहीत. मला एकट्याला सांगितलं, तेही एकदाच. आणि शेवटचं जे आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

उपनगरातलं जुनं स्टेडियम तुम्ही पाहिलं नसेल. आता तिथे सगळं नवं होतंय. तेव्हा दगडी कमान होती, आमच्या आजोबांच्या वेळची. फुटबॉल तिथेच, धावण्याच्या शर्यती तिथेच, कुस्त्या, सर्कस, शाळांची कवायत, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं तिथेच. साडू तिथले बोर्डवाले. बोर्ड म्हणजे दुमजली लाकडी खोकं. आत जिना, भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांना आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. गोल झाला की आतून पाटी खिडकीत अडकवायची. गंमत अशी, की आतल्या माणसाला फटीतून मैदान दिसतं, पण स्वतःचा बोर्ड काही दिसत नाही. त्यात आतून जे डावं, ते बाहेरून उजवं. घाईत हात चुकला, की पाहुण्यांचा गोल आपल्या नावावर!

साडूंनी लग्नानंतर यावर नामी तोड काढली. बायकोला समोर पूर्वेच्या स्टँडमध्ये बसवायचं, अगदी वरच्या रांगेत, पिवळी छत्री देऊन. छत्री उघडी असली म्हणजे बोर्ड बरोबर. मिटली, की चुकलंय, बदला. केस पिकेपर्यंत दोघांचा हा कारभार चालला. आम्ही तिला ताई म्हणायचो. ताईला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडा बरोबर कळायचा. म्हणायची, "मी सामना बघायला जातच नाही. ह्यांच्या चुका काढायला जाते. घरी काढल्या की चिडतात, तिथे मुकाट्याने सुधारतात."

आणि मग तो सामना आला. एक-एक बरोबरी होती, मध्यंतर होऊन गेलं होतं. पाहुण्यांनी दुसरा गोल ठोकला. साडूंनी दोनची पाटी चढवली. खाली एकच बोंब उठली, "ए बोर्डवाले, डोळे फुटले का?" साडूंनी फटीतून समोर पाहिलं. छत्री उघडी. झालं तर मग! तिची छत्री उघडी आहे ना, मग लोकांना बोंबलू दे. सामना संपेपर्यंत त्यांनी पाटीला हात लावला नाही.

पाटी उलट्या बाजूला होती. मॅनेजरने चारचौघांत खरडपट्टी काढली. साडू तणतणत मैदान ओलांडून गेले आणि खालच्या पायरीवरूनच ओरडले, "झोपा काढतेस होय इथे? पार अब्रू घालवलीस माझी!"

ताई बाकाला टेकून बसली होती. छत्रीची दांडी बाकाच्या फळ्यांमध्ये खोचलेली. हात गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्या गेल्या, कळलंही नसेल.

साडूंना मात्र ते एक वाक्य खात राहिलं. नोकरी सोडली. छत्री घरात बघवेना, म्हणून ती आमच्या कपाटात आली. अजून आहे. उद्या दाखवीन, आत्ता मागू नका. कधी आले की चहा गार होईपर्यंत बसायचे आणि म्हणायचे, "शेवटचं काय बोललो रे मी तिला? एकदा मागे घेता आलं असतं तर..." मी चहा पुन्हा गरम करून आणायचो.

चार वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. अमावस्या नव्हती, काही नव्हतं, साधा शनिवार. सोमवारी बोर्ड पाडणार होते. जुन्या वॉचमनने फोन केला, "दादा, तुमचं स्टूल, डबा आतच आहे. न्यायचं तर आज या." साडू रात्री आठला पोचले. वॉचमनने किल्ली आणि टॉर्च दिली.

"पूर्वेकडे जाऊ नका हं. बाक सगळे उखडून नेलेत. नुसत्या पायऱ्या आहेत."

"तिकडे कशाला जातोय मी," साडू म्हणाले.

बोर्डात शिरले. तोच जिना, तीच तेलाचा वास मारणारी दाराची खिटी. डबा पिशवीत टाकला. पाट्या खुंट्यांवर तशाच होत्या. मनात काय आलं कुणास ठाऊक, एकची पाटी एका खिडकीत लावली, दोनची दुसऱ्या खिडकीत. जुनी सवय. हात आपोआप गेले.

आणि सवयीनेच फटीतून समोर पाहिलं.

पलीकडे रस्त्यावरचा दिवा होता. त्याच्या उजेडात पूर्वेच्या पायऱ्या काळ्या दिसत होत्या. वरच्या रांगेत काहीतरी गोल होतं.

वाटलं, ताडपत्री असेल.

टॉर्च विझवला. नीट पाहिलं.

छत्री. उघडी.

साडू स्टुलावर बसले. पुन्हा डोळा लावला...

छत्री मिटली.

वारा नव्हता. आवाज नव्हता. नुसती मिटली. सावकाश. ताई मिटायची तशी.

...

त्यांना समजलं. हात त्या दिवशीसारखाच चुकला होता. एक आणि दोन, उलटे. पाट्या काढल्या. एक पाटी खाली पडली, केवढ्यानं तरी वाजली. उचलली. बाजू बदलली. पाहुण्यांचे दोन. आपला एक.

फटीशी गेले.

काळोख.

थांबले.

"ए..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

...

छत्री उघडली.

पुढचं त्यांनी फारसं सांगितलं नाही. मैदान ओलांडलं म्हणाले. पायऱ्या चढलो म्हणाले. "या वेळी ओरडलो नाही रे," हे मात्र दोनदा म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले.

पहाटे त्यांच्या मुलीचा मला फोन आला, बाबा रात्री घरी आलेच नाहीत. मी तसाच निघालो. वॉचमनची समजूत, दादा मागच्या फाटकाने गेले असतील. आम्ही दोघं आत शिरलो. रात्रभर दव पडलं होतं. गवत ओलं, बोर्डाच्या पाट्यांवरून पाणी निथळत होतं. पाट्या एक आणि दोन, जिथे हव्या तिथे. चढताना पायऱ्यांवरून माझी चप्पल सटकत होती. माझे केससुद्धा ओले झाले होते.

साडू वरच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपले होते. चेहरा शांत. चार वर्षांत तसा पाहिला नव्हता मी.

खांद्याला हात लावला. शर्ट कोरडा. केस कोरडे. पायरीही कोरडी होती, त्यांच्याभोवती, गोल, छत्रीएवढी. त्या गोलाबाहेर सगळं चिंब.

आणि साडू त्या गोलाच्या मधोमध बसले नव्हते, पोरांनो. एका कडेला सरकून बसले होते. शेजारी एका माणसाची जागा सोडून.