एकोणसत्तर मिनिटं

लॉरेन्स पहिल्यांदा आयडाच्या टेबलापाशी आला तो भांडायलाच.

साल अडुसष्ट. जुहूच्या विमानतळावर डकोटा विमानं भाड्यानं देणारी एक छोटी कंपनी होती. तिथे नकाशावरून अंतर आणि वेळ काढायचं काम मरोळ गावठाणातल्या आयडाकडे नुकतंच आलं होतं. मॅनेजर राजारामसाहेबांनी बजावलं होतं, "एका पायलटची जरी तक्रार आली, तरी परत टायपिंगला बसायचं." आणि हा नवा पायलट कागद नाचवत समोर उभा! उंच, सावळा, वर हसरे डोळे... आयडाला त्या डोळ्यांचाच जास्त राग आला.

"पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार एकशे एकोणपन्नास मैल? माझ्या वहीत एकशे बहात्तर आहेत, मिस. तुमचं चुकलंय."

"वहीतले मैल कुठले? सागरी की रस्त्यावरचे?"

"मैल म्हणजे मैल!"

"मग झालंच की! विमानाचा वेग सागरी मैलांत मोजतात, तर अंतरही त्यातच हवं. सागरी मैल मोठा, म्हणून आकडा लहान. वारा पडलेला असला तर एकोणसत्तर मिनिटं."

"माझ्या हिशेबानं एकोणऐंशी. खाली सगळा समुद्र आहे हो. दहा मिनिटं इकडची तिकडं झाली तर —"

"तर मी टायपिंगला. जा, घड्याळ लावून उडा."

तो तिच्याकडे पाहतच राहिला... "झकास!" एवढंच म्हणून गेला.

आठ दिवस आयडाचं कशात लक्ष लागेना. ते अंतर तिनं अकरा वेळा ताडून पाहिलं. बरोबरच होतं, तरी विमानाचा आवाज आला की ती खिडकीशी धावायची. काळजी नोकरीची की त्या डोळ्यांची, हे तिचं तिलाच उमगेना.

नवव्या दिवशी तो आला आणि सरळ राजारामसाहेबांच्या दारात उभा राहिला. साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, वारा पडलेला होता. बरोब्बर एकोणसत्तराव्या मिनिटाला धावपट्टी पायाखाली! माझ्या वहीतले मैल रस्त्यावरचे निघाले. चूक माझी. यापुढं मी उडेन तो या बाईंच्याच आकड्यांवर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि शिपायाला हाक मारली. "आयडाबाईंच्या टेबलावरचा टाईपरायटर उचल. त्यांना नकाशे पसरायला जागा लागते."

आयडाची मान इतकी ताठ आजवर कधी झाली नव्हती.

संध्याकाळी फाटकापाशी लॉरेन्स थांबला होता. टोपी नुसती हातात फिरवत होता.

"आयडा... अजून एक अंतर काढून देशील? इथलं आंबोली गावठाण ते तुझं मरोळ."

"आंबोलीला काय आहे?"

"माझं घर. तुझ्याकडे साखरपुडा घेऊन यायचं म्हणतोय... माणसं, बँड, सगळे चालत."

हा माणूस आयडाला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण आधी एक विचारायचं होतं.

"लग्नानंतर नकाशे सोड म्हणशील?"

"वेडी का गं? मग समुद्रावर मी कुणाच्या भरवशावर जाऊ?"

तिचे डोळे भरून आले. तसंच तिनं मनातल्या मनात अंतर मोजलं.

"साधं चालत तास. पण तुझे लोक कोपऱ्याकोपऱ्यावर नाचणार. दोन तास धर."

"नक्की?"

"घड्याळ लावून ये," आयडा म्हणाली.